नवी मुंबईच्या नगरसेवकांना खुलं पत्र: एकदा ओहोटीच्या वेळी होल्डिंग पॉन्डवर या

प्रति,
नवी मुंबई महानगरपालिकेचे सर्व १११ नगरसेवक आणि नगरसेविका

सप्रेम नमस्कार.

मे २०२०मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ला. मधली साडेपाच वर्षं आमच्या वॉर्डाला नगरसेवक नव्हता. रस्त्यावरचा दिवा गेला, चेंबरचं झाकण तुटलं, तर कुणाचं दार वाजवायचं हे कधी पाहिलंच नाही अशी मुलं या काळात मतदार झाली. म्हणून सगळ्यांत आधी तुमचं मनापासून अभिनंदन. तुम्ही कुठल्या चिन्हावर निवडून आलात ते बाजूला ठेवून लिहितो आहे. तसंच वाचावं, ही विनंती.

या पत्राला निमित्त झालं घरातल्या एका वादाचं. भाचीचा साखरपुडा होता. जेवणं आटोपून मंडळी जरा टेकली होती, आणि बदलापूरहून आलेले आमचे साडू म्हणाले, "तुमच्या नवी मुंबईचं कौतुक आता पुरे. परीक्षेपुरता अभ्यास करणारं शहर आहे ते. पाम बीच रोड दाखवायचा, भिंती रंगवायच्या आणि स्वच्छतेचा नंबर घ्यायचा. दिघ्यात जाऊन कोण बघतंय?" माझा मुलगा वाशीतच जन्मला आणि वाढला. तो तडकलाच. "भिंती रंगवून वर्षानुवर्षं देशात तिसरा-चौथा नंबर येत असेल, तर बाकीच्या शहरांनीही रंगवाव्यात की!" दोघंही मागे हटेनात. आमच्या ओळखीचे जुहूगावचे एक काका तिथे होते. ऐंशीच्या पुढचं वय, मूळ आगरी कुटुंब. ते इतका वेळ गप्प होते. उठताना एवढंच म्हणाले, "नंबर खरा हाय. पन कशाचे जीवावर हाय?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचं उत्तर शोधताना जे पाहिलं, जे आठवलं, ते तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आधी मुलाची बाजू, कारण ती खरी आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ला आपलं शहर आठवं होतं, २०१८ला नववं, २०१९ला सातवं. २०२०ला एकदम तिसरं. मग चौथं, पुन्हा तिसरं, पुन्हा तिसरं. आणि जुलै २०२५मध्ये जो निकाल लागला त्यात इंदूर आणि सुरतच्या बरोबरीने 'सुपर स्वच्छ लीग'मध्ये, म्हणजे सतत वरच्या क्रमांकांत राहिलेल्या शहरांच्या वेगळ्या गटात. २०१८मध्ये केंद्राने राहण्याजोग्या शहरांची पहिली यादी काढली, तेव्हा पुण्याच्या खालोखाल देशात दुसरा क्रमांक आपला होता. पुढच्या यादीत तो सहावा झाला, तरी पहिल्या दहांत होताच. 'निश्चय केला, नंबर पहिला' हे वाक्य आमच्या सोसायटीच्या भिंतीवर अजून आहे, आणि ते वाचताना मला बरं वाटतं.

मी १९८६ साली परळच्या चाळीतून वाशीत आलो. लोकल तेव्हा मानखुर्दपर्यंतच होती. तिथे उतरायचं आणि खाडीपुलावरून बसने यायचं. नातेवाईक म्हणायचे, खाडीपलीकडे काय राहायला जाता, आजारी पडलात तर कोण येणार? मे १९९२मध्ये वाशीला रेल्वे आली, तोवर घरी आलेला पाहुणा संध्याकाळ झाली की घड्याळाकडे बघायला लागायचा. पण आईने इथे आल्यावर पहिल्या दिवशी नळ सोडला, तो थोडा वेळ तसाच वाहू दिला आणि हात ओले करून नुसती उभी राहिली. चाळीत पहाटे चारला पाण्यासाठी उठण्यात तिची तीस वर्षं गेली होती. माझ्यापुरती या शहराची कीर्ती त्या दिवशी सुरू झाली. कुठलंही सर्वेक्षण निघण्याच्या कितीतरी आधी.

आणि स्वच्छतेचं म्हणाल, तर तीही वरवरची नाही. आमच्या घरात ओला आणि सुका कचरा वेगळा करायला कुणी पहारा देत नाही. काचेचा पेला फुटला तर बायको तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळते, वर दोरा बांधते आणि स्केचपेनने मोठ्या अक्षरांत 'काच' लिहिते. का, तर सकाळी कचरा उचलणाऱ्या बाईंचा हात कापू नये. एकदा त्यांचा हात कापलेला तिने पाहिला होता, तेव्हापासून हे सुरू झालं. ही सवय शहराला लागायला वीस वर्षं लागली आहेत. साडूंना मी तेव्हाच हे सांगायला हवं होतं. परीक्षेपुरता अभ्यास असता तर परीक्षा संपल्यावर थांबला असता.

पण साडूंचंही पूर्ण खोटं नाही. त्या कचरा उचलणाऱ्या बाई राहतात तुर्भे स्टोअरला. सकाळी साडेसहाला त्या आमच्या गल्लीत असतात. त्यांची नोकरी कायम नाही. समान कामाला समान वेतन मिळावं, ही या शहरातल्या कंत्राटी कामगारांची मागणी कित्येक वर्षं जुनी आहे. शहराला बक्षीस मिळालं की फोटो निघतो. त्या फोटोत झाडू हातात असलेली माणसं किती असतात, ते तुम्ही बघा. आणि दिघा, तुर्भे स्टोअर, इंदिरानगर इथल्या गल्ल्यांतून फिरताना, हे आणि पाम बीच रोड एकाच पालिकेत येतं, याची स्वतःला आठवण करून द्यावी लागते. पहाटे कोपरखैरणे-तुर्भ्याच्या बाजूला हवेला जो रासायनिक वास येतो, त्याबद्दल लोक रस्त्यावर उतरले आहेत. कचऱ्याच्या सर्वेक्षणाला तो वास कळत नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो.

पुढच्या रविवारी ते मला वाशीच्या मिनी सीशोरला घेऊन गेले. तिथे मी हजार वेळा गेलो असेन. नातवाला बोटीत बसवलं, भेळ खाल्ली, पाण्यावरचे पक्षी पाहिले. त्या पाण्याला होल्डिंग पॉन्ड म्हणतात हेही माहीत होतं. पण ते कशासाठी आहे, हे मी चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ओहोटी लागायची वेळ काकांनी मुद्दाम निवडली होती. आजही ते तिथी मोजून भरती सांगतात.

खाडीच्या अंगाला, जिथे तळं संपतं, तिथे झडपांची दारं आहेत. वरच्या बाजूने बिजागरीवर टांगलेली. खाडीला भरती आली की बाहेरचं पाणी त्यांना रेटतं आणि दारं बंद होतात. त्या वेळी शहरात पाऊस पडत असेल तर रस्त्यांचं, गच्च्यांचं, नाल्यांचं सगळं पाणी या तळ्यात येऊन थांबतं. सहा तासांनी ओहोटी लागते, खाडीची पातळी उतरते, मग आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो आणि तेच पाणी दार लोटून खाडीत निघून जातं. ना पंप, ना वीज, ना माणूस. काका म्हणाले, "दरवाजा कोन उघरीत नाय. पानीच उघरतं."

वाशी, बेलापूर, कोपरखैरणे या भागांत भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली जमीन पुष्कळ आहे. खाजणात भराव घालून हे सेक्टर उभे राहिले. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने डच पद्धतीने अशी तळी बांधली. पालिकेच्या हद्दीत ती अकरा आहेत. ऐन पावसात मोठी भरती असतानाही आमच्या तळमजल्यावर पाणी येत नाही, त्याचं श्रेय या तळ्यांना आहे. आम्ही ते आजवर कधी दिलं नाही.

डच पद्धत, असं मी काकांना मोठ्या माहितगारासारखं सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे हीच उघाडी. आणि मग त्यांनी सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. या सगळ्या किनाऱ्याला खारभूमीची भातशेती होती. खाडीच्या बाजूने मातीचा मोठा बांध, त्याला बाहेरकाठा म्हणायचे. त्या बांधात मधे मधे लाकडी झडप बसवलेली असायची, ती उघाडी. भरतीला बंद, ओहोटीला उघडी. खारं पाणी शेतात शिरू द्यायचं नाही आणि पावसाचं जादा पाणी बाहेर काढायचं. बांधाला खांड पडली तर अख्खं गाव रात्री मशाली घेऊन धावायचं, कारण एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं भात नाही. कुणाच्या शेतापुढे खांड पडली हे कुणी विचारायचं नाही. प्रत्येक घरातून एक माणूस गेलाच पाहिजे.

म्हणजे ज्यांच्या जमिनी घेऊन हे शहर वसलं, त्यांना या जमिनीचं सगळ्यात मोठं गुपित आधीच ठाऊक होतं. नियोजनकारांनी ते तंत्र सिमेंट-लोखंडात बांधलं, हे चांगलंच झालं. पण काकांच्या बोलण्यात जे होतं, त्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

या शहराची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांची. १९६५च्या सुमारास त्यांनी सुचवलं की मुंबई उत्तरेकडे लांबत जाण्याऐवजी खाडीपलीकडे जुळं शहर वसवा आणि सरकारी कचेऱ्या तिकडे न्या. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली. मंत्रालय काही खाडी ओलांडून आलं नाही. त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर टाकून टोलेजंग इमारती उठल्या. आपल्या वाट्याला कोकण भवन ही सरकारी कचेऱ्यांची इमारत आली, पुढे मुंबईचे घाऊक बाजार आले. तरी रुंद रस्ते, प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या उपनगराला, शाळा-बाजार-मैदान, स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर, ही आजची कीर्ती त्या आराखड्यातून आली आहे. आयुक्त येतात आणि जातात. आराखडा आणि जमीन मात्र त्या पिढीने दिली.

जमीन कुणी दिली? ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या ९५ गावांनी. आजच्या पालिकेच्या हद्दीत त्यातली २९ आहेत. भाताची शेतं, मिठागरं, मासेमारीच्या जागा गेल्या. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे १९९०मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. काहींना तो भूखंड हातात पडेपर्यंत एक पिढी संपली. दरम्यान कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही, आणि लोकांनी वडिलोपार्जित घरावर किंवा शेजारी घरं बांधली. त्यांना सरकारी कागदांत 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. हा शब्द मला बोलका वाटतो. सरकारनेच त्याला गरज म्हटलं आहे, मग त्या माणसाला अतिक्रमणवाला म्हणणं थांबवावं. त्या वादात साडू जेव्हा 'तुम्हाला सगळं आयतं मिळालं' म्हणाले, तेव्हा त्यांचा रोख माझ्यावर होता आणि माझ्यापुरता तो खरा होता. मला आयतं मिळालं, कारण काकांच्या वडिलांनी दिलं.

तर काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. नंबर खरा आहे. तो दोन गोष्टींच्या जिवावर उभा आहे. एक, रोज सकाळी साडेसहाला गल्लीत असणारी माणसं. दुसरी, पन्नास वर्षांपूर्वी केलेला विचार आणि दिलेली जमीन. त्यातल्या पहिलीला आपण पुरेसे पैसे देत नाही आणि दुसरी आपण हळूहळू खात चाललो आहोत.

खातो कसं, तेही सांगतो. त्या रविवारी तळ्यातलं पाणी मला नेहमीसारखंच वाटलं. काकांनी एक लांब काठी घेतली आणि कडेपासून थोडं आत टेकवली. गुडघाभर पाणी, खाली मऊ गाळ, काठी त्यात सहज रुतत गेली. वर काढली तेव्हा काळ्या चिखलाने भरलेला भाग ओल्या भागापेक्षा लांब होता. ही तळी वर्षानुवर्षं नीट उपसलेली नाहीत. गाळ साचला, गाळात कांदळवन उगवलं, आणि कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची मनाई आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. ती मनाई योग्यच आहे, असं मी ठामपणे म्हणतो. कांदळवन नसेल तर ही खाडी आणि हे शहर दोन्ही उघडी पडतील. पण पावसाचं पाणी थांबवण्यासाठी खोदलेल्या तळ्यात पाण्याला जागाच उरली नाही, तर ते पाणी सेक्टरात थांबेल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणूनच हे काम अवघड आहे आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं फाइलीत फिरतं. कुठल्या तळ्याची किती खोली उरली आहे, कुठली वाट मोकळी केली तर एकही झाड न तोडता भागेल, कुठे न्यायालयाकडे जावंच लागेल, हे तळंनिहाय लोकांपुढे मांडा. स्वच्छ सर्वेक्षणात या गाळाच्या खोलीला गुण नाहीत. म्हणून तो मोजायचा राहतो, अशी मला भीती वाटते.

त्यातच आता पुनर्विकास आला आहे. आमचीही इमारत त्यात आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. सिडकोच्या जुन्या इमारतींत छताचा गिलावा डोक्यावर पडतो, माणसं जीव मुठीत धरून झोपतात, त्यांना पक्कं घर मिळालंच पाहिजे. पण जिथे चार मजले होते तिथे तीस-चाळीस मजले उभे राहतात आणि रस्त्याखालचा नळ, गटार आणि पावसाळी नाला तोच राहतो, तेव्हा त्या सगळ्याचा भार शेवटी त्या तळ्यावर येतो. एकेका इमारतीला परवानगी देताना तळ्याचा हिशोब कुणी मांडतं का, हा प्रश्न सभागृहात तुम्ही विचारू शकता. मी विचारून उपयोग नाही.

पाणथळींचं बोलायला बसलो तर पत्र संपणार नाही, म्हणून थोडक्यात. आपण स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवतो, चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये झालं आणि २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. पण एप्रिल २०२४मध्ये सीवूड्सच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव आटला आणि पक्षी मेले. लोकांनी हातात हात घालून साखळी केली, तक्रारी केल्या, पाठपुरावा केला, आणि २०२५मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तीस एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. त्याच भागातल्या एनआरआय आणि टी. एस. चाणक्य या पाणथळींवरचा गोल्फ कोर्स आणि इमारतींचा प्रकल्प २०१८मध्ये उच्च न्यायालयाने अडवला, त्यामागेही सामान्य नागरिकच होते. त्या साखळीत उभ्या असलेल्या एका मुलीला मी विचारलं, तुझ्या वॉर्डाचा नगरसेवक कोण? ती म्हणाली, काका, आहेच कोण?

यावरून एक गोष्ट तुमच्या कानावर आली असेल, नसेल तर मी सांगतो. शहरात बरेच लोक म्हणतात, 'नगरसेवक नव्हते तेव्हाच नंबर आले, तेव्हा नकोतच.' मला हे पटत नाही. २०२०च्या सर्वेक्षणाची पाहणी त्या वर्षीच्या जानेवारीत झाली, तेव्हा सभागृह होतं. मोरबे धरण विकत घेऊन स्वतःचं पाणी असलेली पालिका होण्याचा निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाच्या काळातला आहे, आणि आज आम्ही नळ सोडतो तेव्हा त्या निर्णयाचं पाणी पितो. प्रशासकाच्या काळात झाडलोट, पाणी, सांडपाण्याचं शुद्धीकरण ही कामं उत्तम झाली, याबद्दल त्या अधिकाऱ्यांचा मला आदर आहे. पण पालिकेचा पहिला विकास आराखडा, जो पालिका स्थापन झाल्यानंतर तब्बल तीस वर्षांनी, २०२२मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर चर्चा करायला आमच्यातर्फे सभागृहात कुणीच नव्हतं. कुठलं मैदान राहणार, कुठला भूखंड विकला जाणार, कुठली पाणथळ निवासी दाखवली जाणार, हे हरकतींच्या अर्जांवर सोडून दिलं गेलं. मोकळ्या जागांची मालकी आजही बऱ्याच अंशी सिडकोकडे आहे, आणि सिडको विकते तेव्हा पालिकेला नुसतं बघत बसावं लागतं. हे भांडण आम्ही रहिवाशांनी किती वर्षं एकट्याने लढायचं?

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. पहिल्या नंबरासाठी शपथ घेऊ नका. तिसरा आला तरी चालेल, सातवा आला तरी आम्ही तुम्हाला दोष देणार नाही. पहिल्या अर्थसंकल्पात अकराही होल्डिंग पॉन्डची खोली मोजण्यासाठी पैसे ठेवा आणि तो अहवाल मराठीत, सगळ्यांना कळेल असा, वॉर्ड कार्यालयात लावा. कंत्राटी सफाई कामगारांच्या वेतनाचा प्रश्न या मुदतीत मिटवा, पुढच्या सभागृहासाठी ठेवू नका. तुमच्यातले बरेच जण गावठाणातून निवडून आले आहेत. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना उघाडीबद्दल विचारा आणि ते ज्ञान अभियंत्यांच्या टेबलावर न्या. शाळेतल्या मुलांना फ्लेमिंगोचे पुतळे दाखवता, तसं एकदा ते झडपांचं दार दाखवा. माझा नातू चौथीत आहे. त्याला मी नेलं होतं. दार आपोआप हलताना बघून तो तासभर तिथून हलला नाही. घरी येऊन त्याने जेवणाच्या ताटातल्या आमटीत पोळीचा तुकडा उभा धरून तीच करामत करून दाखवली.

आणि एक विनंती सर्वांत शेवटी. येत्या जुलैत अमावास्या-पौर्णिमेला मोठं उधाण येईल. भरतीच्या वेळा तुमच्याकडे आधीच असतात. त्यातल्या एखाद्या दिवशी, पाऊस असेल तर उत्तमच, तुमच्या भागातल्या होल्डिंग पॉन्डवर या. भाषण नको, बॅनर नको, सोबत फक्त तुमच्या वॉर्डाचा अभियंता आणा. भरती पूर्ण भरेपर्यंत थांबा, आणि मग ओहोटी लागून दार उघडेपर्यंत थांबा. मधे तीन-चार तास जातील. वाशीच्या तळ्यावर मी येईन, काकाही येतील, ते काठी आणणार आहेत. बसायला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास मी घेऊन येतो.

आपला,
वाशीतला एक रहिवासी, १९८६पासून